बंदर खोल केलं की खाजणात काय बदलतं, आणि ते मोजायचं कसं

नागपूरहून मुंबईचा समुद्र रस्त्याने आठशे किलोमीटर लांब. तरी न्हावा-शेव्याच्या जलमार्गात किती मीटर पाणी आहे, यावर इथल्या डेपोतून निघालेल्या कंटेनरचं भाडं थोडंफार ठरतं. जहाज मोठं असलं की एका कंटेनरमागचा खर्च उतरतो, पण मोठं जहाज पाण्यात खोलही बसतं. जहाजाचा 15 मीटर भाग पाण्याखाली असेल तर त्याच्या बुडाखाली आणखी मीटर-दीड मीटर मोकळं पाणी लागतं. म्हणून जगभरची बंदरं गाळ उपसून खोल होत आहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातलं सावाना बंदर 42 फुटांवरून 47 फुटांवर नेलं. उपसा 2015 साली सुरू झाला, 2022 साली संपला. वाढली ती खोली पाच फूट. आपल्याकडे विहीर खणणारा म्हणेल, पाच फुटांचं काय एवढं! पण त्या प्रकल्पाच्या खर्चाचा निम्म्याच्या जवळपास भाग या पाच फुटांनी होणारं पर्यावरणाचं नुकसान भरून काढण्यावर गेला. तळाच्या पाण्यात प्राणवायू सोडणारी यंत्रं बसवली, नदीचे काही फाटे बुजवून पाणी वळवलं, 2,256 एकर पाणथळ जमीन राखून ठेवली.

हे सगळं कशापायी, ते समजायला आधी खाजण म्हणजे काय ते पाहू. भरतीला बुडते आणि ओहोटीला उघडी पडते अशी चिखलाची, गवता-झुडपांची जमीन म्हणजे खाजण. कोकणात तिथे तिवर, कांदळ अशी खारफुटी वाढते. सावानासारख्या मोठ्या नदीच्या मुखाशी आणखी एक प्रकार सापडतो, आणि तो आपल्याला जरा विचित्र वाटेल: पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, पण ते गोडं असतं. समुद्राची भरती नदीच्या पाण्याला मागे रेटते. पातळी वाढते, मीठ मात्र तिथवर पोचत नाही. बंदर खोल झाल्याचा सगळ्यात मोठा फटका याच गोड्या खाजणांना बसतो.

मिठाची जीभ

घरी करून पाहता येईल असा प्रयोग आहे. साठ सेंटिमीटर लांबीची माशांची टाकी घ्या. मधोमध अॅक्रिलिकची पट्टी उभी दाबून बसवा, कडांना पोरांची खेळायची माती लावा. थोडं पाझरलं तरी चालतं. एका बाजूला साधं पाणी, दुसऱ्या बाजूला लिटरमागे 35 ग्रॅम मीठ आणि निळा रंग घातलेलं पाणी. समुद्राचा खारेपणा साधारण एवढाच असतो. दोन्ही बाजू एकदमच भरत जा, नाहीतर पट्टी वाकते. पाणी दहा सेंटिमीटर झालं की मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून पट्टी सरळ वर उचला. निळं पाणी तळाने जिभेसारखं पुढे सरकतं, सेकंदाला सात-आठ सेंटिमीटर या वेगाने, आणि साधं पाणी त्याच्या डोक्यावरून उलट्या दिशेने जातं. आता हेच वीस सेंटिमीटर पाण्यात करा. जीभ सेकंदाला अकरा सेंटिमीटरच्या आसपास धावते. मीठ तेवढंच, पाण्याची घनता तीच. वाढली ती फक्त खोली.

नदीत या जिभेला वरून येणारं गोडं पाणी रेटून धरतं. जलमार्ग खोल केला की जीभ जोर धरते, आणि तेवढंच गोडं पाणी आता मोठ्या छेदातून वाहत असल्याने संथ होतं. म्हणजे हल्ला वाढला आणि बचाव ढिला पडला, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे काही फुटांच्या खुदाईने खारं पाणी काही किलोमीटर आत सरकू शकतं.

दुसरा परिणाम भरतीच्या उंचीवर होतो. उथळ नदीत भरतीची लाट तळाला घासत जाते आणि आत जाता जाता दमते. तळ खाली गेला की घर्षण कमी होतं आणि लाट ताकद राखून लांबवर पोचते. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीवर विल्मिंग्टनला 1880 च्या दशकापासून भरती-ओहोटीतलं अंतर जवळजवळ दुप्पट होऊन 1.55 मीटरपर्यंत गेलं आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन मीटरच्या आसपास होतं, आता साडेतीन मीटरच्या वर आहे. दोन्हीकडे मुख्य कारण एकच: पिढ्यान्पिढ्या होत आलेली खुदाई आणि पात्रातले बदल. भरती उंच चढली की पूर्वी कोरडी राहणारी जमीन बुडते, आणि ओहोटी खोल गेली की काठाचा चिखल आधार सुटून ढासळतो.

बाकीची दोन कारणं थोडक्यात. खोल खड्डा गाळ गिळतो, मग खाजणावर बसायला गाळ कमी उरतो. आणि मोठ्या जहाजांच्या लाटांनी काठ झिजतो.

कोणतं कारण कुठे भारी ठरेल, हे जागेवर अवलंबून आहे. मुंबईजवळच्या ठाणे खाडीत बारमाही मोठी नदी नाही. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर खाडी खारीच असते. तिथे मिठाची जीभ शोधत बसण्यापेक्षा गाळ, पाण्याची पातळी आणि काठाची झीज मोजणं शहाणपणाचं. सावानाचा आराखडा उचलून कोकणात चिकटवला तर पैसा जाईल आणि हाती काही लागणार नाही.

पाणी खारट होणं वेगळं, जमीन खारट होणं वेगळं

विदर्भात हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात वरून गोडं पाणी वाहून जातं, म्हणून काही तिथली जमीन गोडी होत नाही. खाजणातही तसंच. नदीतलं पाणी तासातासाला बदलतं, पण गवताचं मूळ ज्या चिखलात आहे तिथला खारेपणा आठवड्या-महिन्यांच्या चालीने बदलतो, आणि झाड जगणार की मरणार हे तिथे ठरतं. नुसतं नदीचं पाणी मोजून खाजणाबद्दल बोलणं म्हणजे कालव्याचं पाणी तपासून शेताच्या मातीचा अहवाल देणं.

लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणजे गोडं खाजण, ही सर्वसाधारण सीमा. मीठ एक-दोन ग्रॅमवर गेलं की गोड्या पाण्यातल्या कित्येक वनस्पती माघार घेतात. मिठाबरोबर आणखी एक गोष्ट आत येते, ती म्हणजे सल्फेट. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे 2.7 ग्रॅमच्या आसपास असतं. गोड्या चिखलात प्राणवायू नसताना कुजण्याचं काम मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव संथपणे करतात. सल्फेट मिळालं की दुसरे जिवाणू त्यांची जागा घेतात. ते कुजवण्याचं काम जास्त जोमाने करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. मुळांना हा वायू विषारी. वर जमिनीतला वनस्पतींचा अंश भराभर कुजल्याने जमीन खचू लागते. विल्मिंग्टनला बंदर 38 फुटांवरून 42 फुटांवर नेताना जी देखरेख झाली, तिच्यात नदीकाठच्या ठिकाणांची मातीतल्या पाण्याच्या रसायनावरून विभागणी केली: कुठे मिथेनवाले सूक्ष्मजीव भारी आणि कुठे सल्फेटवाले. झाडं वाळण्याच्या कितीतरी आधी ही चाहूल लागते. मोठे वृक्ष बिचारे वर्षानुवर्षं तग धरतात. ते वाळलेले दिसेपर्यंत खाली सगळं उरकलेलं असतं.

मातीतलं पाणी काढायची पद्धत अगदी साधी आहे. एक इंची पीव्हीसी पाइप घ्यायचा, खालचं टोक बंद. मुळांचा पट्टा 15 ते 30 सेंटिमीटर खोलीवर असेल तर पाइपला फक्त तेवढ्याच भागात बारीक खाचा पाडायच्या. पाइपाभोवती जमिनीलगत चिकणमाती घट्ट दाबायची. ही दाबली नाही तर भरतीचं पाणी पाइपाच्या कडेने खाली उतरतं आणि आपण नदीच मोजत बसतो. मोजायच्या दिवशी आत साठलेलं जुनं पाणी काढून टाकायचं, नवं पाणी झिरपू द्यायचं आणि ते तपासायचं.

तपासायचं कशाने? संत्र्याची गोडी पाहायला बागाईतदार जो हातातला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, तसाच मिठासाठीही मिळतो. स्वस्त आहे, पण त्याचं एक घर म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम. आपल्याला 0.3 वरून 0.8 झालं का, हे हवं आहे. त्याला ते दिसणारच नाही. इथे विद्युतवाहकता मोजणारा मीटर लागतो. 25 अंश तापमानाला अर्धा ग्रॅम मीठ म्हणजे साधारण 1,000 मायक्रोसीमेन्स. तापमानाची दुरुस्ती मीटरमध्ये चालू आहे ना, हे दर वेळी बघावं. ती बंद असली तर प्रत्येक अंशामागे आकडा सुमारे दोन टक्क्यांनी हलतो, आणि मग हिवाळा-उन्हाळ्याचा फरक खारेपणाचा फरक म्हणून अहवालात जातो.

नदीत कायमचे लॉगर असतात, दर 15 मिनिटांनी नोंद करणारे. एक वर आणि एक तळाशी, दोन्ही हवेत. एकच लावला तर जीभ खालून निघून जाते आणि वरच्याला पत्ताही लागत नाही. यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे शंख-शिंपल्यांची आणि शेवाळाची पुटं. उष्ण पाण्यात दोन आठवड्यांत सेन्सर माखून जातो आणि आकडा हळूहळू खाली घसरतो, म्हणजे पाणी गोडं होत चालल्याचा भास होतो. तांब्याची पट्टी गुंडाळल्याने पुटं उशिरा चढतात. शिवाय दर फेरीला पुसण्याआधी एक आणि पुसल्यानंतर एक अशा दोन नोंदी घ्यायच्या. त्यांच्यातला फरक म्हणजे मागच्या दोन आठवड्यांची चूक. ही पहिली नोंद घाईत राहते, आणि एकदा राहिली की मधले सगळे आकडे संशयात.

पाण्याची पातळी दाबाच्या सेन्सरने मोजतात, तिथेही फसगत असते. सेन्सरला पाणी आणि वरची हवा, दोघांचाही दाब जाणवतो. हवेचा दाब एक मिलिबारने बदलला की पातळी एक सेंटिमीटरने बदलल्यासारखी दिसते. म्हणून काठावर हवेचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर ठेवतात. आणि तीन मीटर खारं पाणी गोडं समजून हिशोब केला तर साडेसात सेंटिमीटरची चूक पदरात पडते. ज्या बदलाच्या मागे आपण आहोत, तो बहुतेक वेळा याहून लहान असतो.

मिलिमीटरचा हिशोब

समुद्राची पातळी जगभरात वर्षाला सरासरी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास चढते आहे. खाजणाला जगायचं तर तेवढं तरी वर यायला हवं, आणि भरती उंचावली असेल तर आणखी थोडं. जीपीएसच्या चांगल्या यंत्रातही दोन-तीन सेंटिमीटरची चूक राहते, म्हणून इथे ते उपयोगाचं नाही. त्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे रॉड एकाला एक जोडत चिखलात ठोकतात, पुढे जाईनात तोवर. कधी दहा मीटर, कधी वीस. हा झाला न हलणारा खुंटा. मोजायच्या दिवशी त्यावर आडवा हात बसवतात. हाताला नऊ पिना असतात. त्या अलगद खाली सोडून जमिनीला टेकवायच्या आणि वर किती उरल्या ते मोजायचं. हात चार दिशांना फिरवायचा, म्हणजे एका जागी 36 नोंदी. दीड-दोन मिलिमीटरपर्यंतचा बदल यात पकडता येतो.

बिघडतं कुठे? एक तर पायाने. मोजणाऱ्याचा पाय एकदा त्या चौकोनात पडला की तिथली जमीन दबली, आणि पुढची सगळी वर्षं वाया. म्हणून आधीच आजूबाजूला खांब रोवून ठेवतात, त्यांवर फळी टाकूनच काम. दुसरं, खेकडे. पिन बिळात गेली तर एकदम 40 मिलिमीटरची घट दिसते. अशी नोंद खोडायची नसते. शेजारी ‘बीळ’ असं लिहून ठेवायचं आणि हिशोबात वेगळी काढायची. तिसरं, माणूस बदलणं. पिन चिखलाला टेकली कधी म्हणायची, याचा प्रत्येकाचा हात वेगळा असतो. शक्य तिथे त्याच माणसाने मोजावं, निदान बदलीच्या वेळी जुन्या-नव्याने एकदा एकत्र मोजून फरक नोंदवावा.

याच्या जोडीला जमिनीवर 50 बाय 50 सेंटिमीटरच्या चौकोनात फेल्डस्पार पसरतात. चिनीमातीच्या कारखान्यात लागणारी पांढरी भुकटी ती. सहा महिन्यांनी, वर्षाने तिथला नमुना काढला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ बसला ते दिसतं. चिखल पातळ असेल तर रेघ काढता काढता फिसकटते, म्हणून द्रव नायट्रोजन ओतून तो जागच्या जागी गोठवतात. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी जो कंटेनर असतो, त्यातला द्रव तो हाच. समजा तीन वर्षांत पांढऱ्या रेघेवर 12 मिलिमीटर गाळ बसला, पण पिना सांगतात की जमीन फक्त 5 मिलिमीटर वर आली. मग 7 मिलिमीटर खालून खचले. गाळ पुरेसा येतोय, तरी जमीन बुडतेय, असा त्याचा अर्थ, आणि उपाय शोधायचा तो मुळांच्या पट्ट्यात. दोन्ही मापं नसती तर हे कळलंच नसतं.

उपग्रहाला न दिसणारी ओहोटी

वनस्पतींसाठी नदीपासून आतवर सरळ रेषा आखून त्यावर एक मीटरचे कायम चौकोन ठेवतात आणि दर वर्षी त्याच महिन्यात कोणती जात किती टक्के आहे ते लिहितात. मोठा पट्टा पाहायला उपग्रह. नागपुरात व्हीएनआयटीच्या आवारात एमआरसॅक, म्हणजे राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे, त्यामुळे उपग्रहाची चित्रं इथे अनेकांच्या हाताखालून जातात. किनाऱ्याच्या कामात एक सापळा मात्र घाटावर बसून लक्षात येत नाही. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. सेंटिनेल-2 हा उपग्रह मुंबईवरून रोज नाही, पण जेव्हा जातो तेव्हा सकाळी अकराच्या सुमारासच. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवशी त्याला नेहमी भरत आलेलं पाणीच दिसणार. ओहोटी दिसली तर ती अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची, कमी उतरलेली. उधाणाची खोल ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला असते; ती त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. एका वर्षाचं पौर्णिमेचं चित्र आणि दुसऱ्या वर्षाचं अष्टमीचं चित्र शेजारी ठेवलं तर चिखलाचा पट्टा वाढला किंवा घटला असा निष्कर्ष निघेल, आणि तो साफ चुकीचा असेल. तारखेबरोबर तिथी बघून चित्रं निवडली की हा घोळ टळतो.

ड्रेजर यायच्या आधीची वही

इतकं सगळं मोजूनही वाद एका प्रश्नावर अडतो: हा बदल खुदाईने झाला की दुष्काळाने? नदीला पाणी कमी आलं की जीभ आपोआप आत सरकते. बंदरवाले म्हणणार पाऊस कमी पडला, मच्छीमार म्हणणार तुम्ही खणलं. दोघांकडेही आकडे असतात.

यातून वाट काढायला दोन गोष्टी लागतात: खुदाईच्या आधीची नोंद, आणि खुदाईचा परिणाम पोचणार नाही अशी, पण हवामान-पाऊस सारखा असलेली तुलनेची जागा. उदाहरण म्हणून आकडे घेऊ. बंदराच्या वरच्या खाजणात मातीचा खारेपणा 1.2 वरून 2.0 झाला, वाढ 0.8. तुलनेच्या जागी त्याच काळात 1.0 वरून 1.5, वाढ 0.5. मग खुदाईच्या नावावर 0.3 टाकता येतात, बाकी दुष्काळाचे. तुलनेची जागा नसती तर पूर्ण 0.8 वर भांडण. आधीची नोंद नसती तर भांडायलाही काही नाही, कारण ‘आधी कसं होतं’ याला फक्त लोकांची आठवण उरते.

आधीची नोंद किती वर्षांची? निदान एक पूर्ण वर्ष, पण खरं तर एक चांगल्या पावसाचं आणि एक कोरडं वर्ष त्यात यायला हवं. आपल्याकडच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अहवालांत बऱ्याचदा एकाच हंगामाची, तीही पावसाळा सोडून, माहिती घेतात. कोकणच्या खाडीत जुलै आणि मे यांच्यात जो फरक असतो तो कुठल्याही खुदाईपेक्षा मोठा आहे. तीन महिन्यांच्या माहितीवर पुढे काहीच सिद्ध होत नाही, आणि कुणाकुणाला ते सोयीचंही पडत असावं. शिवाय चंद्राच्या कक्षेमुळे भरतीची उंची 18.6 वर्षांच्या फेऱ्यात थोडी कमी-जास्त होत राहते. चढत्या काळात मोजलेलं ‘आधी’ आणि उतरत्या काळातलं ‘नंतर’ यांची वजाबाकी करण्यापूर्वी हा फरक काढून टाकावा लागतो.

किती बदल झाला की काय करायचं, हेही काम सुरू होण्याआधी लेखी ठरलेलं असावं. मुळांच्या पट्ट्यातला खारेपणा तुलनेच्या जागेपेक्षा सलग दोन वर्षं अमुक इतका जास्त राहिला तर वरच्या धरणातून कोरड्या महिन्यांत पाणी सोडायचं, किंवा एखादा फाटा बंद करायचा, असं स्पष्ट. नंतर बैठका घेऊन हे ठरत नाही.

जमीन खचत असेल तर उपसलेला गाळच पातळ थराने खाजणावर फवारण्याचा उपाय आहे. गवताच्या खाजणात दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर चालून जातो, गवत त्यातून वर येतं. तिवराच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो, कारण त्याची श्वसनमुळं चिखलातून बोटाएवढी वर आलेली असतात आणि ती गाडली गेली तर झाड गुदमरतं. तिथे एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त पसरू नये, आणि पुढचा थर द्यायचा की थांबायचं हे पिनांच्या त्या 36 नोंदींच्या पुढच्या फेरीनंतरच ठरवावं.